कनेरगाव नाका ते नांदेड : रस्ता सर्वांचा, मुक्काम कोणाचा?

हिंगोली जिल्ह्यावर कोणी प्रवासलेख लिहिला किंवा मोबाईलवर व्हिडिओ टाकला, की यादी ठरलेली असते. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, नर्सीचे नामदेव, हिंगोलीचा दसरा, वसमतची हळद. देवळे येतात, बाजार येतो, फाट्यावरचा चहा येतो. माणसे मात्र येत नाहीत, आणि आली तर ती राजे, संत किंवा महंत असतात. ज्यांनी या रस्त्यावर खडी फोडली, साहेबाचे ओझे एका शिवेपासून दुसऱ्या शिवेपर्यंत वाहिले, ज्यांना विहिरीपासून लांब उभे राहून पाण्यासाठी हाका माराव्या लागल्या, त्यांचा या प्रवासवर्णनात पत्ता नसतो.

अकोला, वाशीम, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, नांदेड, देगलूर आणि पुढे तेलंगणातले संगारेड्डी. हा आजचा राष्ट्रीय महामार्ग १६१. वऱ्हाडातून हैदराबादकडे जाणारी ही जुनी वाट. आपल्या तरुणांनी दुचाकी काढून हा रस्ता एकदा करावा, असे मी नेहमी सांगतो. पण निघण्यापूर्वी एक छोटे पुस्तक वाचून निघावे. बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

हे पुस्तक आपण बाबासाहेबांच्या अपमानांची नोंद म्हणून वाचतो. ते बरोबरच आहे. पण त्यातले त्यांचे स्वतःचे बहुतेक प्रसंग कुठे घडतात ते पाहा. १९०१ साली मसूर स्टेशनवरून गोरेगावला वडिलांकडे निघालेली मुले. ही महाराची पोरे आहेत हे कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार नाही, आणि रात्रभर वाटेत पाणी नाही. बडोद्याला नोकरीसाठी गेलेला, परदेशात शिकलेला तरुण आणि त्याला बाहेर काढणारी पारशी धर्मशाळा. १९२९ चे चाळीसगाव : टांगेवाले महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नाहीत, म्हणून वस्तीतला सवय नसलेला माणूस टांगा हाकतो, मोरीवर चाक अडकते, बाबासाहेब दगडावर आदळतात आणि पाय मोडतो. १९३४ चे दौलताबाद : प्रवासाने धुळीने माखलेले सुमारे तीस लोक किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतात आणि हौद बाटवला म्हणून गलका होतो. गाडी, धर्मशाळा, टांगा, हौद. हे रस्त्याचे पुस्तक आहे.

नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. चालत्या रस्त्यावर अस्पृश्यता लपते. धुळीत सगळे सारखे दिसतात. ती उघडी पडते मुक्कामाला. पाणी मागितले की, वाहनात बसायचे म्हटले की, रात्री अंग टाकायला जागा हवी असली की. १९३४ च्या त्या प्रवासात बाबासाहेब आणि सहकाऱ्यांनी वाटेत आपली ओळख शक्यतो उघड करायची नाही असे ठरवले होते. चालत राहिलात तर प्रवासी, थांबलात तर महार. हिंगोलीच्या रस्त्याचा इतिहास या एका कसोटीवर घासून पाहायचा आहे : रस्ता कुठून कुठे गेला हे तर कोणीही सांगेल, त्यावर कोणाला थांबता आले ते सांगा.

सुरुवात कनेरगाव नाक्यावरून करा. वाशीमकडून आलात की हिंगोली जिल्ह्यातले हे पहिले मोठे गाव. ‘नाका’ हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला आहे, कारण इथे राज्य बदलत असे. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, अलीकडे निजामाची ‘मोगलाई’. ही सीमा कशी पक्की झाली तो इतिहास मजेदार आहे, आणि तो पुढच्याच मुक्कामाशी, हिंगोलीशी, जोडलेला आहे. इंग्रजांनी निजामाच्या गळ्यात एक फौज बांधली होती, हैदराबाद कंटिंजंट. फौज निजामाच्या खर्चाची, अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा. हिंगोली हे तिच्या छावण्यांपैकी एक. फौजेचा पगार थकत गेला, कर्ज वाढत गेले, आणि १८५३ च्या तहात त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. १९०२ साली ते कायमच्या भाडेपट्ट्याने गेले. म्हणजे हिंगोलीसारख्या छावण्यांच्या बिलातून कनेरगावची ही हद्द घट्ट झाली. बिल कोणी भरले? दोन्हीकडच्या कुळांनी, सालगड्यांनी आणि बलुत्यावर राबणाऱ्यांनी.

या हद्दीचा परिणाम आपल्या चळवळीवरही झाला आणि त्याचा विचार आपण फारसा करत नाही. पलीकडे वऱ्हाडात १९२७ साली अमरावतीला अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा लढा उभा राहिला, तिथल्या परिषदेला बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले. अलीकडे निजामी राज्यात सभा घ्यायची तरी आधी परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव जुन्या मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना चांगले माहीत होते. शाळा उर्दूत. भाऊसाहेब मोरे यांनी कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद भरवली ती ३० डिसेंबर १९३८ ला. एकाच भाषेचे, एकाच जातीचे, सोयरिकीने बांधलेले लोक. पण नदीच्या एका काठावर चळवळ दहा-बारा वर्षे पुढे. मराठवाड्यातला दलित ‘उशिरा जागा झाला’ असे म्हणणाऱ्यांनी आधी ही हद्द पाहावी. व्हिसा फक्त सवर्णांच्या दारात लागत नव्हता, या नाक्यावर विचारांनाही लागत होता.

मोटार येण्यापूर्वी रस्ता चालत कसा होता, हेही इथेच समजून घेऊ. मराठी मुलखात गावाची शीव कुठे आहे, वाट कुठून जाते, नदीला उतार कुठे आहे, हे ज्ञान गावकामगार महाराकडे होते. कुठे तराळ म्हणत, कुठे येसकर. सरकारी माणूस आला की त्याला वाट दाखवायची, त्याचे सामान डोक्यावर घेऊन शिवेपर्यंत न्यायचे, तिथे पुढच्या गावच्या महाराच्या डोक्यावर द्यायचे. सरकारी टपाल, वसुलीचा पैसा, निरोप, सगळे याच पायांनी. नकाशे नंतर आले. त्याआधी नकाशा महाराच्या डोक्यात होता आणि त्याच डोक्यावर ओझेही होते. मोबदला काय, तर वतनाचा तुकडा आणि शिळी भाकरी. ही वेठ आहे हे स्पष्ट सांगून बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात महार वतनाचे विधेयक मांडले. पण ते मुंबई इलाख्यासाठी. हिंगोली-कळमनुरीच्या महाराला त्याची सावलीही मिळणार नव्हती. शंकरराव खरात यांच्या आत्मकथेचे नाव ‘तराळ-अंतराळ’ आहे. त्यांचे वडील तराळकी करत होते, आणि मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. एका पिढीचे हे अंतर ज्याला रस्ता म्हणून दिसत नाही, त्याने प्रवासवर्णने लिहू नयेत.

आता हिंगोली शहर. छावणी १९०३ पर्यंत टिकली, कंटिंजंट मोडून हिंदी फौजेत मिसळेपर्यंत. या छावणीची एक गोष्ट इंग्रजी वाचकांना पावणेदोनशे वर्षांपासून माहीत आहे आणि हिंगोलीकरांना मात्र क्वचितच. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली आली आणि इंग्लंडात गाजली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीतल्या हरिसिंग नावाच्या कापड व्यापाऱ्याची हकिकत सांगतो. गावातला प्रतिष्ठित सावकार, छावणीत उठबस. त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडे मुंबईहून कापड आणायचे आहे म्हणून पास मागितला. पास मिळाला. दुसराच एक व्यापारी कापड घेऊन येतो आहे हे त्याला ठाऊक होते. वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना मारले, माल सरकारी पासावर हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला. याच टोळीने छावणीच्या मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरली. ते खड्डे उकरले तेव्हा आपण हजर होतो, असे टेलर लिहितो.

टेलर हे सगळे थरारासाठी सांगतो. आपण त्यातला दुसरा धागा ओढू. ज्याच्या हातात पास होता, ज्याला सगळे नमस्कार करत होते, ज्याचे दुकान छावणीच्या बाजारात होते, तो खुनी निघाला. मग या अनुभवावरून सरकारने काय शिकायला हवे होते? प्रतिष्ठित माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे. प्रत्यक्षात ठगी खात्यातून जे डोके तयार झाले ते नेमके उलटे होते : गुन्हा रक्तात असतो, बापाकडून मुलाला मिळतो, विशिष्ट जाती-जमाती जन्मानेच गुन्हेगार असतात. याच डोक्यातून १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आला. चातुर्वर्ण्याला हा विचार परका नव्हताच. जन्माने ब्राह्मण श्रेष्ठ असू शकतो, तर जन्माने कोणी चोरही असू शकतो. मनूचे तत्त्वज्ञान आणि साहेबाचे पोलीस खाते यांची गाठ इथे बसली. आणि शिक्का कोणावर पडला? पाल ठोकून राहणाऱ्यांवर, गाढवे-बैल घेऊन फिरणाऱ्यांवर, रस्ता हेच ज्यांचे घर होते त्यांच्यावर. हरिसिंगाच्या जातीच्या सावकारांना कोणी हजेरीला बोलावले नाही.

बंजाऱ्यांचेच उदाहरण घ्या, कारण या जिल्ह्यात तांडे भरपूर आहेत. शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा समाज या वाटांवरून फिरत होता. फौजांना रसद तेच पुरवत. खडीचे रस्ते झाले, रेल्वे आली. पूर्णा–हिंगोली रेल्वे १९१२ साली सुरू झाली. बैलांच्या पाठीवरचा धंदा बुडाला. ज्यांनी रस्ता चालता ठेवला त्यांनाच ‘भटके’ म्हणून संशयित ठरवण्यात आले. ब्रिटिश कायद्याचे हे जोखड स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला उतरले. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य या तिघांना एकत्र घेऊन हिंदू संस्कृतीला जाब विचारला आहे. हिंगोलीच्या रस्त्यावर उभे राहून ती प्रस्तावना पुन्हा वाचा. तांडा आणि भीमनगर हे एकाच रस्त्याचे दोन कडेचे लोक आहेत. निवडणुका आल्या की हे आपण विसरतो, ही वेगळी गोष्ट.

हिंगोलीहून दोन फाटे घ्यायचे. एक कयाधू नदीकाठच्या नर्सीचा, दुसरा दक्षिणेला औंढ्याचा. नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव. औंढा हे त्यांच्या अपमानाचे गाव. दुसरे वाक्य कुठल्याही फलकावर तुम्हाला दिसणार नाही, तिथे चमत्कार लिहिलेला असतो : नामदेवांच्या कीर्तनाला ब्राह्मणांनी हरकत घेतली, ते देवळामागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. पुरावा म्हणून मागच्या बाजूचा नंदी दाखवतात.

नामदेवांची स्वतःची साक्ष मात्र पंजाबात सुरक्षित आहे. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात त्यांनी सांगितले आहे की आपण आनंदाने देवळात आलो, भक्ती करत असताना आपल्याला धरून उठवले, आपली जात हीन आहे, आणि आपण घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसलो. गावाचे नाव पदात नाही. औंढ्याशी ती घटना परंपरेने जोडली. देऊळ फिरल्याचा उल्लेख त्या पदातही आहे. पण पदाचा जीव कुठे आहे? ‘धरून उठवले’ यात. आपल्याकडच्या कथेत तो भाग एका ओळीत उरकतात आणि फिरलेल्या देवळावर कीर्तने करतात. चमत्काराचा हा फायदा असतो. देवाने न्याय केला म्हटले की उठवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. देऊळ फिरले, पुजारी तोच राहिला.

आणि नामदेव तर शिंपी. त्यांचे सखा चोखामेळा महार. चोखोबा मंगळवेढ्याला कुसू बांधण्याच्या कामावर, भिंत कोसळून १३३८ साली गेले. वेठीचे काम करताना मेलेला हा कामगार आहे, हे आधी म्हणा आणि मग संत म्हणा. परंपरा सांगते की नामदेवांनी त्यांची हाडे शोधून पंढरपुरात आणली. समाधी कुठे झाली? महाद्वाराबाहेर. मेल्यावरही आत नाही. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे चोखोबांच्या मृत्यूनंतर ६०९ वर्षांनी. म्हणूनच बाबासाहेबांचा संतांबद्दलचा निवाडा कठोर आहे. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधींना दिलेल्या उत्तरात त्यांनी स्पष्ट म्हटले, की संतांनी माणूस आणि देव यांच्या नात्याचा विचार केला, माणसामाणसातल्या झगड्याचा नाही, देवापुढे सगळे समान या शिकवणीने जातीला काही धोका होत नाही. तरीही १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केले. निवाडा कठोर आणि कृतज्ञता खरी, दोन्ही एकाच माणसाची. आपल्यातले काही तरुण पहिले घेऊन संतांना शिव्या घालतात, काही दुसरे घेऊन दिंडीत जातात. दोघांनीही दुसरे पान वाचावे.

औंढ्याहून वसमत. इथे शीख परंपरेतला गुरुद्वारा दमदमा साहिब आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग बहादूरशहाच्या फौजेसोबत बुऱ्हाणपूरकडून दक्षिणेत उतरले आणि नांदेडला पोहोचले. त्या प्रवासातला हा विसावा मानतात. आता एक जुळणी पाहा. नर्सीच्या नामदेवांची पदे पंजाबात गेली. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथात ती गोविंदली. आणि १७०८ साली नांदेडला दहाव्या गुरूंनी त्या ग्रंथालाच गुरूपद दिले. जन्मगावापासून दोन दिवसांच्या वाटेवर नामदेवांचे शब्द गुरूच्या गादीवर बसले, आणि औंढ्याच्या देवळात ते चमत्काराचा पुरावा म्हणून मागच्या बाजूलाच राहिले. धर्मांतराची घोषणा केल्यानंतर बाबासाहेबांनी शीख धर्माचा गंभीर विचार केला होता, एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या परिषदेला गेले होते, मुंबईचे खालसा कॉलेज त्याच काळातले, हे आपल्याला माहीत आहे. शेवटी रस्ता नागपूरला गेला, हेही.

त्याहून जुना एक प्रवासही या मुलखाचा आहे, तो पर्यटनाच्या पुस्तकात येत नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरी नावाचा आचार्य आहे. त्याचा आश्रम गोदावरीकाठी अस्सक देशात. त्या देशाची राजधानी पोतन म्हणजे नांदेडच्या पलीकडचे बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात. या बावरीने आपले सोळा शिष्य बुद्धाकडे प्रश्न घेऊन पाठवले. ते पैठणवरून, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, श्रावस्ती करत गेले. आपल्या भागातल्या माणसांचे सर्वात जुने प्रवासवर्णन कुठल्या देवाच्या दर्शनाचे नाही, प्रश्न विचारायला निघालेल्या माणसांचे आहे. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हिंगोली-नांदेडची वाहने वाशीमवरून नागपूरकडे निघतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी ही अडीच हजार वर्षांची वाट असते.

मोटारीबद्दलही सांगायला हवे, कारण निजामाच्या बाजूने एक गोष्ट खरीच चांगली घडली. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. देशातला तसा हा पहिला प्रयोग. तारखा शेजारी ठेवा : १९२९ ला चाळीसगावचा टांगेवाला बाबासाहेबांना नाकारू शकतो, कारण टांगा त्याचा, घोडा त्याचा. सरकारी बसच्या कंडक्टरने तिकीट फाडले की जागा तुमची. पुढे एसटी आली. गावातल्या हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी असे त्या काळातही एसटीचा बाक वेगळा नव्हता. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. परभणी-हिंगोलीच्या खेड्यांतली पोरे पत्र्याची पेटी घेऊन तिथे पोहोचली ती याच बसने आणि मीटरगेजच्या रेल्वेने. खाजगीकरण चांगले की वाईट या वादात आपण आकडे शोधत बसतो. टांगा आणि बस हे उदाहरण पुरेसे आहे. सार्वजनिक वाहन म्हणजे जातीला न विचारता मिळालेली जागा.

आता मुख्य रस्त्यावर परत या. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा. इथून नांदेड जवळ. या टप्प्यावर गाडी हळू चालवा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. परभणी आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या वस्त्यांनी फार सोसले. घरे जाळली, विहिरी नासवल्या, माणसांना गाव सोडून शहराकडे पळावे लागले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे ४ ऑगस्ट १९७८ ला मारले गेले. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च नागपूरहून औरंगाबादला निघाला. त्याला कुठे अडवले? खडकपूर्णेच्या पुलावर, मराठवाड्याच्या तोंडाशी. लाठीमार, अटका. पुन्हा नदी, पुन्हा हद्द, पुन्हा व्हिसा! २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात त्या ऑगस्टची आठवण असणारी माणसे आहेत आणि ती आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या तोंडून हे टिपून घेणारे फार थोडे.

हे सगळे जुने झाले, आता रस्ता सर्वांसाठी खुला आहे, असे कोणी म्हणेल. तर नव्या रस्त्याकडे पाहू. नागपूर–गोवा ‘शक्तिपीठ’ महामार्ग प्रस्तावित आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत, सुरुवातीच्या आखणीत सुमारे ८०० किलोमीटर, १२ जिल्हे, त्यात हिंगोली. नावच सांगते की रस्त्याचे प्रयोजन माहूर, तुळजापूर, कोल्हापूर आणि वाटेतली औंढा, परळी ही देवस्थाने जोडणे आहे. शेतकऱ्यांचा विरोध जमीन जाण्याला आहे आणि तो रास्त आहे. मोबदल्याची भांडणे मात्र सातबारावाल्यांची असतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे काय? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ ला भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. त्या लढ्याच्या बळावर मराठवाड्यात आपल्या लोकांनी गायरान कसले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. तरीही असंख्य कुटुंबे आज तिसऱ्या पिढीत कसतात आणि कागदावर ‘अतिक्रमणधारक’ आहेत. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला गायरान ही फुकटची सरकारी जागा दिसते. रस्ता जाईल, आणि मुक्काम हलेल तो आपला.

त्यामुळे या रस्त्याने फिरताना फोटोंसोबत काही कागद गोळा करा. रस्ता कोणत्या कायद्याखाली घेतला जातोय ते अधिसूचनेत आधी बघा. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा की १९५५ चा राज्याचा महामार्ग कायदा, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त मालक नव्हे. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेले भूमिहीन शेतमजूर आणि वाटेकरीही त्यात येतात. राष्ट्रीय महामार्गांनाही त्यातल्या मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २८ ऑगस्ट २०१५ च्या केंद्रीय आदेशाने लागू आहेत. गायरान म्हटले की समोरचा २०११ चा जगपालसिंग खटल्यातला निकाल दाखवेल. त्याच निकालात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, तो तुम्ही दाखवा. आणि तलाठ्याकडे गाव नमुना १-ई मागा. अतिक्रमणाची नोंदवही ती. ज्या नोंदीला आजपर्यंत आपण घाबरत आलो, त्याच नोंदीत आजोबांचे नाव, गट नंबर आणि साल सापडते. तिची नक्कल घ्या, दंडाच्या जुन्या पावत्या असतील तर त्या तिला जोडा, आणि मोजणीची नोटीस येण्याच्या आधी गावातल्या सगळ्या कसणाऱ्यांची एक फाईल करून ठेवा.